संगणकाला मराठी वाचता यावे म्हणून

दृष्टिहीन विद्यार्थ्याला पाठ किंवा टिपणे पुष्कळदा दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागतात. वाचणारा आला नाही, तर त्या दिवशीचा अभ्यास थांबतो. हे परावलंबन 'स्क्रीन रीडर' बरेच कमी करू शकतो. ही आज्ञावली संगणकाच्या पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचतो. असे असूनही शिक्षकांनी मेहनतीने टाइप केलेले टिपण उघडले, की कधी कधी विद्यार्थ्याच्या कानावर अर्थहीन रोमन अक्षरे पडतात. याचे कारण समजून घेऊ.

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे संकेताने ठरते. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या युनिकोड या संकेतानुसार 'किरण' हा शब्द असा साठवला जातो : क २३२५, ऱ्हस्व इकार २३६७, र २३५२, ण २३३९. यातील क्रम पाहण्यासारखा आहे. कागदावर इकार 'क'च्या डावीकडे दिसतो. पण उच्चारात तो 'क'नंतर येतो, म्हणून साठवणही त्याच क्रमाने होते. भारती ब्रेलमध्येही आधी 'क' व मग 'इ' असेच लिहितात.

'कृतिदेव'सारख्या जुन्या फाँटची रीत निराळी होती. त्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे नुसते आकार बसवलेले असत. कृतिदेवमध्ये 'किरण' दिसतो खरा, पण संगणकाच्या लेखी तो एफ, डी, जे, टिंब, के असतो. एफ पहिला, कारण तो इकाराचा आकार आहे आणि तो डावीकडे दिसतो. डोळ्यांचे काम भागते. मात्र स्क्रीन रीडर आकार पाहत नाही, आकडे वाचतो. म्हणून तो 'एफ, डी, जे' असेच म्हणणार.

या प्रश्नाच्या उत्तरात पुण्याचाही वाटा आहे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले 'जिस्ट' तंत्र पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढले. उच्चाराच्या क्रमाने अक्षरे साठवणारा 'इस्की' हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या 'इन्स्क्रिप्ट' कळफलकावरही उच्चाराच्या क्रमानेच टाइप करतात. त्यात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला असल्याने न पाहता लिहिण्याचा सराव करता येतो.

आपले टिपण वाचण्याजोगे आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. एखादे वाक्य निवडून त्याचा फाँट बदलून रोमन करावा. देवनागरी टिकली, तर मजकूर बहुधा युनिकोडमध्ये आहे; रोमन अक्षरे उमटली, तर फाँट जुना आहे. पीडीएफमधील ओळ उचलून दुसरीकडे चिकटवून पाहावी. ओळ निवडताच येत नसेल, तर ते पान म्हणजे केवळ चित्र आहे. त्यातील अक्षरे आधी ओळखून घ्यावी लागतात, आणि त्यात चुका राहू शकतात.

वाचन-अक्षमता (डिस्लेक्सिया) असलेल्या मुलांनाही असा मजकूर उपयोगी पडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अशा मुलाला धडा ऐकता ऐकता डोळ्यांनी शब्दांचा माग घेता येतो. अक्षरे मोठी करणे, ओळींतील अंतर वाढवणे हेही सहज जमते. अर्थात हे साधन वाचन शिकवत नाही. ते काम शिक्षकांचेच. मात्र वाचन सुधारेपर्यंत विज्ञान-इतिहासाचा अभ्यास मागे पडू नये, एवढे त्याने साधते.

यंत्राच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांचे उच्चार वेगळे, पण लेखन एकच. तेथे यंत्र चुकू शकते. आकृती तर ते आपोआप समजावून देत नाही; म्हणून प्रत्येक आकृतीखाली तिचे दोन-तीन वाक्यांत वर्णन लिहावे.

शाळेला यासाठी नवे यंत्र घ्यावे लागतेच असे नाही. पुढची प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये टाइप करावी आणि छापण्यापूर्वी एकदा स्क्रीन रीडरकडून ऐकावी. आपल्याला ती ऐकून समजली, तर विद्यार्थ्यालाही ती स्वतः वाचता येईल.