नसबंदी झालेल्या मेंढ्याचं काम

“नसबंदी केली, मग तो मेंढा पोसायचा कशाला?” ब्रिटन किंवा न्यूझीलंडमधले मेंढपाळ असा एखादा नर मुद्दाम बाळगतात, त्याला ‘टीझर’ म्हणतात, हे सांगितलं की आपल्याकडे पहिला सवाल हाच येतो. सवाल रास्त आहे. त्यामागचा समज मात्र चुकीचा आहे.

गल्लत शब्दापासूनच होते. आपण बैल बडवतो, बोकड खच्ची करतो आणि नसबंदीलाही त्याच पंगतीत बसवतो. खच्ची करताना बर्डिझोच्या चिमट्यानं कातडी न फाडता वृषणांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिरडल्या जातात. मग वृषण सुकतात, टेस्टोस्टेरॉन आटतं आणि त्याबरोबर रग, उग्र वास, माद्यांमागे धावणं सगळं ओसरतं. नसबंदीत वृषणांना हातही लागत नाही. शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन्ही नळ्यांचा छोटा तुकडा डॉक्टर कापून काढतात, एवढंच. विहीर भरलेलीच आहे, फक्त पाट अडवला आहे. संप्रेरक थेट रक्तात मिसळतं, त्याला पाटाची गरज नाही. त्यामुळे मेंढा पूर्वीइतकाच मस्तवाल राहतो, तसाच वास मारतो, माद्यांवर चढतो. नसबंदीनं पुरुष अशक्त होतो ही भीती माणसांत अजून गेलेली नाही. मेंढ्याच्या कानावर ती आलेलीच नाही, म्हणून त्याचं बरं चाललंय.

हा वासच कामाचा. 1944 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडरवुड, शीअर आणि डेव्हनपोर्ट या संशोधकांनी नोंदवलं, की नरापासून दूर राहिलेल्या मेंढ्यांत अचानक नर सोडला की त्यांचं थंड पडलेलं प्रजननचक्र सुरू होतं. नराच्या लोकरीतल्या मेणचट स्रावाचा वास नाकात गेला की काही मिनिटांतच मेंढीच्या रक्तात एलएच या संप्रेरकाचे झटके वाढतात आणि दोन-तीन दिवसांत बीज सुटतं. शेळ्यांमध्ये तर बोकडाच्या वासातला 4-एथिलऑक्टॅनल हा घटक जपानी शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये वेगळा काढून दाखवला.

मग लगेच फळायचा मेंढा का सोडू नये? कारण हे पहिलं बीज मुकं असतं. ते सुटतं, पण मेंढी माजावर येत नाही, नराला जवळ करत नाही. त्यानंतर काही मेंढ्यांचं चक्र नेहमीसारखं सतरा दिवसांचं चालतं. उरलेल्यांत बिजाच्या जागी तयार झालेली पीतपिंड नावाची गाठ पाच-सहा दिवसांतच विरते, आणखी एक मुकं बीज सुटतं आणि मग सतरा दिवस मोजायला सुरुवात होते. म्हणून खरा माज दोन लाटांत येतो: एक अठराव्या ते विसाव्या दिवसाच्या आसपास, दुसरी चोविसाव्या ते सव्विसाव्या. ब्रिटनमधल्या मेंढपाळानं 1 ऑक्टोबरला टीझर सोडला, तर तो 15 तारखेला बाहेर काढून फळायचे नर आत सोडतो. 18 ते 26 ऑक्टोबरदरम्यान बहुतेक मेंढ्या भरतात आणि 147 दिवसांचा गाभणकाळ धरला तर कोकरं साधारण 14 ते 22 मार्चच्या आसपास येतात. रात्र-रात्र जागून वेत सांभाळणाऱ्याला आठवडाभराचं जागरण आणि दीड महिन्याचं जागरण यातला फरक सांगावा लागत नाही.

इथेच आणखी एक चूक होते. टीझर जितका जास्त दिवस आत तितका फायदा जास्त, असं वाटतं. उलट दोन आठवड्यांनंतर तो आतच राहिला तर माजावर आलेल्या मेंढ्या त्याच्याकडेच वाया जातात. शिवाय माज एकदम येत असल्यानं फळायचे नर नेहमीपेक्षा जास्त लागतात. पन्नास ते शंभर मेंढ्यांना एक टीझर पुरतो, पण त्याच्यामागून येणाऱ्यांवर तेवढ्याच मेंढ्या सोपवून चालत नाही.

वेळही बघावी लागते. थंड प्रदेशातल्या मेंढ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात. टीझरचा उपयोग त्या उंबरठ्यावर. ऐन हंगामात मेंढ्यांचं चक्र आधीच चालू असतं, तेव्हा तो नुसता चारा खातो. आणि भर उन्हाळ्यात, ज्यांचा हंगाम काटेकोर असतो अशा जातींवर त्याची जादू फारशी चालत नाही. आधी साधारण महिनाभर मेंढ्यांना नर दिसू, ऐकू येऊ नये, त्याचा वासही येऊ नये. बांधापलीकडे शेजाऱ्याचा मेंढा चरत असेल तर सगळं मुसळ केरात.

शस्त्रक्रियेनंतर नळ्यांत उरलेले शुक्रजंतू संपायला वेळ लागतो, म्हणून किमान सहा आठवडे त्याला मेंढ्यांत सोडत नाहीत. ब्रुसेलोसिससारखा रोग तो नसबंदीनंतरही पसरवू शकतो, तेव्हा तपासणी चुकवू नये. आणि कानात वेगळा बिल्ला हवाच. फळायचा समजून टीझरलाच हंगामभर ठेवला तर कोकरांची वाट बघत बसायचं!

जुळ्यांची आशाही त्याच्याकडून धरू नये. जुळं होणं हे एका वेळी किती बिजं सुटतात यावर ठरतं, आणि ते जात, खुराक आणि जनुकांचं काम. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनाकडच्या गारोल मेंढीतलं ‘फेकबी’ जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं ते याचसाठी.

दख्खनीत टीझर चालेल का, हे मग ओघानं आलंच. आपल्या उष्ण भागातल्या मेंढ्यांवर दिवसाच्या लांबीचा धाक कमी, आणि धनगराच्या कळपात नर बहुधा मेंढ्यांबरोबरच फिरतो. वाडा आज या शेतात, उद्या त्या शेतात. अशा चालत्या कळपात मेंढ्याला महिनाभर वासापलीकडे ठेवायचं तरी कुठे?