बॅटरी बदलण्याआधी

आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत १९६६ मध्ये विनेबागो कंपनीने मोटरहोम बांधायला घेतल्या, आणि चाकांवरचं घर अमेरिकेतल्या साध्या नोकरदाराच्याही आवाक्यात येऊ लागलं. त्या इतिहासाहून विलक्षण आहे ती या गाडीच्या पोटातली दुहेरी वीज. कॅम्पच्या खांबावरून किंवा जनरेटरवरून येते ती १२० व्होल्टची. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा चालतात ते बॅटरीच्या १२ व्होल्टवर. दिवे मंदावले की मालक सरळ नवी बॅटरी आणतो. माझ्या मते आधी जोड तपासावेत, आणि तेही लोड चालू ठेवून.

६०० वॅटचं उपकरण १२० व्होल्टवर ५ अँपिअर घेतं, १२ व्होल्टवर ५०. जोडात अवघा ०.०२ ओहम रोध असला, तर पहिल्या ठिकाणी ०.१ व्होल्ट पडतो आणि कुणाला कळतही नाही. दुसऱ्या ठिकाणी अख्खा एक व्होल्ट जातो आणि त्या इवल्याशा जागेत ५० वॅट उष्णता होते. धातू काळवंडतो, रोध वाढतो, जोड आणखी तापतो. सर्वांत दुर्लक्षित जोड निगेटिव्हचा, म्हणजे बॅटरीची केबल जिथे लोखंडी सांगाड्याला बोल्टने कसलेली असते तो. रस्त्यावरचं पाणी, हिवाळ्यात बर्फावर टाकलेलं मीठ आणि प्रवासभराचे हादरे तोच सोसतो. सगळं बंद असताना मीटर लावला तर हा जोड निर्दोष दिसतो, कारण प्रवाहच नसेल तर व्होल्ट पडणार कुठून? पंप आणि पंखा चालू करा, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी सांगाड्याच्या रंग खरवडलेल्या धातूवर टेकवा. अर्धा व्होल्ट दिसला, तर दोष याच वाटेवर आहे.

बॅटऱ्याही मरतातच, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पूर्ण भरलेली शिसं-आम्लाची बॅटरी साधारण १२.७ व्होल्ट दाखवते. ती १२ च्या आसपास पडून राहिली की आत सल्फेट घट्ट होतं. पण ती भरली का नाही? खराब जोडामुळे चार्जिंग लांबतं, आणि जनरेटर जेमतेम तासभर चालवणाऱ्याची नवी बॅटरीही त्याच वाटेने जाते. लिथियम बॅटरी आणि बॅटरी-मॉनिटरनेही हा प्रश्न मिटत नाही. मॉनिटर एका ठिकाणचा आकडा सांगतो, वाटेतली गळती नाही. आणि लिथियमच्या जोरावर बसवलेला मोठा इन्व्हर्टर त्याच जोडातून कितीतरी अधिक प्रवाह ओढतो.

खरी काळजी १२० व्होल्टच्या बाजूची. कॅम्पच्या खांबावरच्या ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टचे दोन फेज आणि एकच सामायिक न्यूट्रल असतो. तो सुटला, तर दोन्ही फेजवरची उपकरणं २४० व्होल्ट आपसात वाटून घेतात: कमी लोडच्या बाजूचा व्होल्टेज उसळतो, मायक्रोवेव्ह किंवा चार्जर जळतो, आणि प्रवाह मर्यादेतच असल्याने ब्रेकर पडत नाही. इथे लोड चालू ठेवून तपासणं घातक आहे. ब्रेकर पाडावा, प्लग काढावा आणि न्यूट्रलचे स्क्रू जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच कसून घ्यावेत.