कासेचा रक्तपुरवठा आणि म्हशीचा पान्हा

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गवळी आपल्या म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळलेला पेला त्याच्या हाती देतात. दूध उकळूनच प्यावे हे आरोग्याच्या दृष्टीने इष्ट होय. परंतु येथे विचार करावयाचा आहे तो म्हशीचा. भोवती माणसांची वर्दळ, वाहनांचा गलबला, तरीही म्हैस शांतपणे पान्हवते. उलट, बाजारातून नवीन आणलेली चांगली म्हैस निवांत गोठ्यातही चार-चार दिवस पान्हा चोरते. असे का व्हावे? ह्याचे उत्तर बव्हंशी कासेकडे जाणाऱ्या रक्तात सापडते.

रक्ताची वाट

हृदयातून निघालेली महारोहिणी पाठीच्या कण्याखालून मागे जाते. तिच्या फाट्यांपासून डावीकडे एक व उजवीकडे एक अशा दोन रोहिण्या निघून जांघेतील अरुंद वाटेने कासेत उतरतात. कासेच्या वर ही रोहिणी नागमोडी वळण घेते. त्यामुळे भरलेली कास खाली ओढली गेली तरी रोहिणीवर ताण पडत नाही. पुढे तिचे पुढचा व मागचा असे फाटे होतात आणि शेवटी केसाहून बारीक वाहिन्यांचे जाळे प्रत्येक दूधकोशाभोवती विणले जाते.

परतीच्या वाटेवरील एक नीला पोटाखालच्या कातडीतून पुढे जाताना डोळ्यांना दिसते. तिलाच आपण दुधाची शीर म्हणतो. जनावर बसले असता एखादी वाट दबली, तरी दुसऱ्या वाटेने रक्त परत फिरते. ही शीर जाड व वळणदार दिसली की गिऱ्हाईक भुलते. परंतु ती कासेतून बाहेर पडलेले रक्त नेते आणि वयाबरोबर व वेतांबरोबर फुगतही जाते. म्हणून केवळ शिरेवर विसंबून म्हैस विकत घेऊ नये. लागोपाठ दोन-तीन वेळा आपल्यासमोर धार काढून पाहावी.

एका लिटरमागे किती रक्त?

दुधातील साखर रक्तातील साखरेपासून बनते, प्रथिने रक्तातील घटकांपासून बनतात, पाणी व चुनाही रक्तातूनच येतो. एक लिटर दूध तयार होण्यास सुमारे 400 ते 500 लिटर रक्त कासेतून वाहावे लागते. दिवसाला 8 लिटर दूध देणाऱ्या म्हशीच्या कासेतून 3,200 ते 4,000 लिटर रक्त फिरते. दोनशे लिटरच्या पिंपाने मोजल्यास ही 16 ते 20 पिंपे झाली. जनावराच्या अंगातील तेच मोजके रक्त पुन्हा पुन्हा फिरून हे काम करते. म्हणून पाणी तोडून किंवा वैरणीत काटकसर करून दूध वाढत नाही.

पान्हाही रक्तातूनच येतो

रेडकू सडाला लागले किंवा ओळखीच्या हाताने कास चोळली, म्हणजे ती संवेदना मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. ते रक्ताबरोबर कासेत येऊन दूधकोश आवळते व दूध खाली उतरते. सशाची मादी पिलांना दिवसातून बहुधा एकदाच, तेही चार-पाच मिनिटे पाजते. तेवढ्या अवधीत तिचे दूध उतरते ते ह्याच द्रव्याच्या बळावर. म्हशीत तर कासेच्या खालच्या पोकळीत जेमतेम शेकडा 5 भाग दूध साठलेले असते. बाकीचे वर दूधकोशांत अडकलेले असते. पान्हा आला नाही, तर ते हाती लागत नाही.

आता म्हैस बिचकली, तिला काठी बसली किंवा अनोळखी माणूस धारेला बसला, तर मूत्रपिंडांजवळील ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात उतरते. त्याने कासेतील रोहिण्या आकसतात. भ्यालेल्या जनावरात ऑक्सिटोसिन सुटण्यासही अडथळा येतो. म्हैस दूध चोरत नाही, दूध उतरविणारा निरोपच कासेपर्यंत पोहोचत नाही. कट्ट्यावरची म्हैस गर्दीला सरावलेली असते व तिच्यापाशी रोजचाच हात बसतो. आपल्या गोठ्यातील नव्या म्हशीला निवांतपणा मिळाला, तरी सारेच परके असते.

सुईचा मोह

रेडकू दगावले की पुष्कळजण ऑक्सिटोसिनच्या सुईकडे वळतात. ही सुई रोज टोचल्याने जनावराला तिची सवय जडते व पुढे सुईवाचून धार निघेनाशी होते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील कलम 12 नुसार, दूध वाढविण्यासाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक अशी सुई टोचणे हा गुन्हा आहे. तो सिद्ध झाल्यास जनावर सरकारजमा होते. पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून हे औषध वापरू नये.

काय करावे?

1. धारेची वेळ, जागा व शक्यतो माणूस बदलू नये. नवी म्हैस आणल्यास काही दिवस एकाच व्यक्तीने तिला वैरण, पाणी व खरारा करावा.

2. धारेपूर्वी कास कोमट पाण्याने धुवावी, पुसावी व हलक्या हाताने चोळावी. म्हशीला पान्हवण्यास गाईपेक्षा अधिक वेळ लागतो, तेव्हा घाई करू नये.

3. पान्हा आल्यावर मात्र धार पाच-सात मिनिटांत आटोपावी. रक्तातील ऑक्सिटोसिनचा जोर लवकर ओसरतो.

4. गोठ्यात आरडाओरड व मारहाण सर्वथा टाळावी.

5. पहिल्या वेतापासूनच धारेच्या वेळी आंबोण देऊन हाताची सवय लावावी, म्हणजे रेडकू नसतानाही म्हैस पान्हवते.

6. कासेचा एखादा भाग गरम, लाल वा कडक लागल्यास तेथे दाह होऊन रक्तवाहिन्या फुगल्या आहेत असे समजावे व त्याच दिवशी पशुवैद्यकास दाखवावे.

कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ 1963 साली स्थापन झाला. तेव्हापासून ह्या जिल्ह्यातील असंख्य घरांत दुधाच्या पैशावर मुलांची शिक्षणे झाली. त्या पैशाचा आरंभ कासेतील रक्ताच्या वाहण्यात आहे, आणि ते वाहणे मोकळे राखणे धार काढणाऱ्याच्या हाती आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट गोठ्यात प्रत्यक्ष दाखवून समजावून द्यावी. घरोघरी गोठा सांभाळणाऱ्या भगिनींपर्यंत ती अगोदर पोहोचवावी. कारण म्हशीच्या ओळखीचा हात बहुधा त्यांचाच असतो.