चांगला राउटर ओळखायचा कसा?

आज एका यंत्राबद्दल बोलायचं आहे. सॉलिड सरफेसचे ओटे बनवणाऱ्याने राउटर घेताना तो चांगला आहे हे कशावरून ठरवावं? आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात रस कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर ‘हे तुला कळलं कशावरून?’ हाच आमच्या शास्त्राचा जुना प्रश्न आहे.

आधी पदार्थ पाहू. आपल्याकडचे कारागीर ज्याला सरसकट ‘कोरियन’ म्हणतात, त्याचा कोरिया देशाशी संबंध नाही. ते ड्यूपाँट कंपनीच्या मालाचं नाव. तिथल्या डॉनल्ड स्लोकम यांनी १९६७ साली हा पदार्थ तयार केला. त्यात साधारण एक तृतीयांश अ‍ॅक्रिलिक आणि उरलेली बहुतेक अ‍ॅल्युमिना ट्रायहायड्रेटची पूड असते. याचे दोन तुकडे त्याच रंगाच्या ग्लूने जोडले, की सांधा जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणून इथे राउटरची परीक्षा कडेवर होते.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत. त्यातली तीन आपल्याला पुरतील.

पहिलं शब्दप्रमाण. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो ती आहे तशीच सांगू इच्छितो त्याचा. विक्रेत्याकडे पहिला गुण असेलही. दुसऱ्याची खात्री कोण देणार? अमेरिकेत सव्वातीन हॉर्सपॉवर असं छापलेले राउटर मिळतात. त्यांच्याच पाटीवर १५ अँपिअर लिहिलेलं असतं.

इथे अनुमान कामाला येतं. तिथली वीज १२० व्होल्टची. १२० गुणिले १५ म्हणजे १८०० वॅट. त्याला ७४६ ने भागा. उत्तर येतं सुमारे २.४ हॉर्सपॉवर. तेही यंत्राने घेतलेल्या विजेचं. बिटापर्यंत त्याहून कमीच पोचतं. मग सव्वातीन हा आकडा सलग कामाचा असणं शक्यच नाही.

दुसरं अनुमान वेगाचं. मिनिटाला २२,००० फेरे घेतले, तर १२.७ मिलिमीटर बिटाची धार सेकंदाला साडेचौदा मीटर धावते. त्याच फेऱ्यांवर ५० मिलिमीटरचं बिट लावलंत तर धार ५७ मीटरवर जाते, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर! ते धोक्याचं, शिवाय घर्षणाच्या उष्णतेने अ‍ॅक्रिलिक मऊ पडतं. म्हणून वेग कमी-जास्त करण्याची सोय हवीच. कोलेटही अर्ध्या इंचाचं हवं. जाड दांडा कमी लवतो, कमी थरथरतो.

शेवटी प्रत्यक्ष. दोन टाकाऊ तुकडे बिटाच्या व्यासापेक्षा थोडं कमी अंतर ठेवून समोरासमोर घट्ट बसवा आणि मधून राउटर सरळपट्टीला लावून चालवा, म्हणजे दोन्ही कडा एकदम तासल्या जातील. यात गंमत अशी, की पट्टी किंचित वाकडी असली तरी एका कडेचा फुगवटा दुसरीच्या खळग्यात बसतो. यंत्राच्या थरथरीला मात्र अशी माफी नाही. तिच्या बारीक लाटा एकमेकींत बसत नाहीत. तुकडे जुळवून उजेडासमोर धरा. फटीतून प्रकाश आला तर कारण शोधा. कापताना आवाज खाली बसला, तर मोटर भाराखाली दमते आहे असं समजा.

एवढी काटेकोरी कशासाठी? ग्लू आणि पॉलिश आजचा दोष झाकतात. पण शेगडीसाठी कापलेल्या जागेच्या आतल्या कोपऱ्यात बिटाचा ओरखडा राहिला, तर रोजच्या तापण्या-निवण्याने काही महिन्यांनी तिथूनच तडा जाऊ शकतो. तोवर ओटा कुणाच्या तरी घरात बसलेला असतो, आणि तो उचकटून दुरुस्त करायचं काम कारागिराच्याच गळ्यात येतं. राउटरला धूळ ओढणारी नळी बसते का, तेही बघा. ती बारीक भुकटी दिवसभर त्याच्याच छातीत जाणार असते.

तेव्हा दुकानात जाताना दोन टाकाऊ तुकडे पिशवीत टाका. पाटी वाचा, भागाकार करा आणि यंत्र चालवून मागा. चालवू देत नसतील, तर पुढचं दुकान बघा.