‘एक्स्पिडाइट’ म्हटले की काम पळते?

सरकारी पत्राच्या शेवटी, वकिलाच्या फोनवर, अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या व्हिसाच्या गप्पांत ‘एक्स्पिडाइट’ हा शब्द सर्रास येतो. त्याच्याकडून ठेवल्या जाणाऱ्या अपेक्षा मात्र बऱ्याचदा त्याच्या अर्थात बसत नाहीत. त्यातले हे काही समज आणि त्यांची उत्तरे.

एक्स्पिडाइट म्हणजे घाई करणे.

घाईसाठी इंग्रजीत ‘रश’ आणि ‘हरी’ आहेत. एक्स्पिडाइट लॅटिनमधून आला. अडकलेले पाय मोकळे करणे हा त्याचा मूळ अर्थ. अडथळा आणणे या अर्थाचा ‘इम्पीड’ त्याचाच भाऊबंद. घाई आणि एक्स्पिडाइट, दोन्हींत काम लवकर होते, म्हणून गल्लत होते. पण कागद न तपासताच सही झाली तर ती घाई. टेबलावर पडून असलेला कागद आधी उचलून नीट तपासला, तर ते एक्स्पिडाइट. टप्पा एकही गळत नाही, मधला खोळंबा तेवढा कमी होतो.

एक्स्पिडाइट आणि प्रीपोन एकच.

नाही. प्रीपोन तारखेला लागते, एक्स्पिडाइट प्रक्रियेला. बैठक प्रीपोन होते. तिच्यासाठी लागणारी मंजुरी एक्स्पिडाइट होते. (प्रीपोन ही निव्वळ भारतीय चूक, हाही गैरसमजच. ऑक्सफर्ड कोशात त्याची नोंद आहे.)

कोर्टाने ‘हिअरिंग एक्स्पिडायटेड’ लिहिले, म्हणजे सुनावणी पुढच्या आठवड्यात.

मुंबई उच्च न्यायालयात अपील किंवा रिट याचिका दाखल करून घेताना आदेशात हे शब्द अनेकदा येतात. खाली न्यायाधीशांची सही असते, त्यामुळे पक्षकाराचा जीव भांड्यात पडणे साहजिक आहे. पण त्या शब्दांनी मिळते ते प्राधान्य, तारीख नव्हे. प्राधान्य मिळालेल्या प्रकरणांचीही रांग असते आणि ती छोटी नसते. मुदत हवी असेल तर ती स्वतंत्रपणे लिहिलेली असावी लागते. लवाद कायद्याच्या कलम २९ब मध्ये ती आहे: दोन्ही पक्षांनी जलद प्रक्रियेला लेखी संमती दिली, तर लवादाने काम हाती घेतल्यापासून सहा महिन्यांत निवाडा.

अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने एक्स्पिडाइट मान्य केले, म्हणजे अर्ज मंजूर.

आधी होकार मिळाला की पुढचाही मिळेल, असे वाटते. प्रत्यक्षात हे दोन वेगळे निर्णय आहेत. गंभीर आर्थिक नुकसान, मानवतावादी कारण किंवा आणीबाणी दाखवता आली तर अर्ज आधी हातात घेतला जातो. निकष तेच राहतात आणि नकारही तितक्याच लवकर येऊ शकतो. या विनंतीला शुल्क नाही. पैसे भरून मिळते ते ‘प्रीमियम प्रोसेसिंग’, आणि ही सोय वेगळी आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जासाठी तिची मुदत कामाचे १५ दिवस. तेवढ्यात खात्याने कार्यवाही केली नाही तर शुल्क परत मिळते. पण आणखी कागदपत्रे मागणे हीसुद्धा कार्यवाहीच धरली जाते.

अर्जावर ‘प्लीज एक्स्पिडाइट’ लिहिले की पुरे.

वरिष्ठांच्या पत्रात हेच शब्द असतात आणि त्यांची फाईल हलते, म्हणून ही समजूत टिकून आहे. फाईल हलते ती पदामुळे. इंग्रजीत हे क्रियापद सकर्मक आहे. काय एक्स्पिडाइट करायचे ते सांगितले नाही, तर वाक्यही अपुरे आणि मागणीही. महाराष्ट्रात अर्जदाराच्या हाती याहून भक्कम आधार आहे. बदल्यांच्या नावाने ओळखला जाणारा २००५ चा कायदा विलंबालाही प्रतिबंध करतो. त्याच्या कलम १० नुसार साधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसलेल्या प्रकरणात ४५ दिवसांत निर्णय आणि कार्यवाही व्हावी, गरज असेल तर तीन महिन्यांत. स्मरणपत्र लिहिताना आवक क्रमांक, अर्जाची तारीख आणि हे कलम नमूद करावे, आणि पोच घ्यायला विसरू नये.