विश्लेषण : आई-वडील शहरात, मुले गावात... चीनमध्ये असे का घडले?

चीनच्या आर्थिक झेपेची ओळख म्हणजे शांघाय, शेन्झेनच्या गगनचुंबी इमारती. त्या उभारणारे मजूर खेड्यांतून आले. त्यांची मुले मात्र गावीच, आजी-आजोबांपाशी राहिली. ‘मागे राहिलेली मुले’ हीच त्यांची चीनमधील ओळख.

पालक मुलांना सोबत का नेत नाहीत?

याचे मूळ १९५८ पासूनच्या ‘हुकौ’ या कुटुंबनोंदणी पद्धतीत आहे. १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांमुळे गावकऱ्यांना शहरात काम मिळू लागले, पण नोंदणी गावचीच राहिली. सरकारी शाळा, आरोग्यसेवा अशा सुविधा या नोंदणीशी जोडलेल्या. विद्यापीठ प्रवेशाची ‘गाओकाओ’ परीक्षाही साधारणपणे नोंदणीच्या प्रांतातच द्यावी लागते. त्यामुळे शहरात वाढलेल्या अनेक मुलांनाही शिक्षणासाठी गावी परतावे लागते.

गावातले बालपण कसे?

अनेकांना आई-वडील भेटतात ते वर्षातून एकदाच, चिनी नववर्षाला. त्यात २००१ पासून गावोगावच्या छोट्या शाळा बंद करून मोठ्या शाळांत विलीन करण्याची मोहीम सुरू झाली. लहान मुलांवर दूरवर पायपीट करण्याची किंवा वसतिगृहात राहण्याची वेळ आली. टीकेनंतर २०१२ मध्ये या मोहिमेला लगाम घालण्यात आला. २०१५ मध्ये क्वेचौ प्रांतातील पीचिए येथे पालकांविना राहणाऱ्या चार भावंडांचा कीटकनाशकाने मृत्यू झाला आणि देश हादरला. पुढच्याच वर्षी सरकारने १६ वर्षांखालील मुलांना पालकाविना एकटे ठेवू नये, असे बजावले.

अशी मुले किती?

२०१३ मध्ये अखिल चीन महिला महासंघाने हा आकडा ६ कोटी १० लाखांवर असल्याचे सांगितले. २०१६ च्या सरकारी मोजणीत तो ९० लाखांवर आला. तीन वर्षांत एवढी मुले पालकांकडे गेली नव्हती. व्याख्या बदलली होती. आधी आई-वडिलांपैकी एक जण बाहेरगावी असला तरी १८ वर्षांखालील मूल मोजले जाई. नव्या व्याख्येत वयोमर्यादा १६ झाली आणि दोघेही बाहेर असणे, किंवा घरी असलेला सांभाळ करण्यास असमर्थ असणे, ही अट आली. वडील शहरात आणि आई गावात असलेले मूल त्यामुळे यादीतूनच गळाले.

यावर उपाय काय?

अलीकडे छोट्या-मध्यम शहरांत हुकौचे नियम बरेच सैल झाले आहेत. बीजिंग, शांघायमध्ये मात्र ते अजूनही कडक आहेत. चांगली मजुरी मिळते तिथेच मुलांना शाळेचे दार अरुंद, हा पेच कायम आहे.