उभ्या गाडीचे इंजिन का अडखळते?

चौकात तांबडा दिवा लागतो. चालक ॲक्सलरेटरवरचा पाय उचलतो, गाडी थांबते आणि बॉनेट थरथरू लागते. आवाजात मध्येच खंड पडतो, एक गचका बसतो आणि इंजिन बंद! मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू होतात. गंमत अशी की हीच गाडी हमरस्त्यावर ताशी साठ किलोमीटर वेगाने बिनतक्रार धावते. मग धावण्यापेक्षा नुसते उभे राहणे इंजिनाला जड का जावे?

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांच्या प्रीमियर पद्मिनीची हीच तक्रार होती. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून २०२३ सालापर्यंत धावली. आता ती हौशी मंडळींनीच जपलेली आहे. सरांनी प्लग बदलले, कार्बुरेटर साफ करून घेतला, त्याखालचे गॅस्केटही नवे टाकले. एका मिस्त्रीने स्क्रू पिळून इंजिनाची मंद गती वाढवून दिली. चार दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच. शेवटी 'इंजिन खोलावे लागेल' असे सांगण्यात आले. त्याचा खर्च ऐकून सर गाडी भंगारात काढायच्या विचारात होते.

आधी इंजिनाची बाजू समजून घेऊ. पद्मिनीच्या चार सिलिंडरांचे एकूण आकारमान १०८९ घन सेंटिमीटर आहे. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला सुमारे ७५० फेरे घेते. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरात एकदा ठिणगी पडते, म्हणजे चारही मिळून सेकंदाला २५ ठिणग्या. या वेळी निर्माण होणारी शक्ती इंजिनाला स्वतःला फिरते ठेवण्यापुरतीच असते, शिल्लक जवळजवळ काहीच नसते. एखादी ठिणगी हुकली तर फ्लायव्हील या जड चक्राने साठवलेल्या ऊर्जेवर निभावून न्यावे लागते. पण ही ऊर्जा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मिनिटाला ३००० फेऱ्यांना ती जेवढी असेल, तिच्या सोळावा हिस्साच ७५० फेऱ्यांना उरतो. म्हणून वेगात जे खपून जाते, ते उभ्या गाडीत उघडे पडते.

दुसरी गोष्ट हवेची. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते. कार्बुरेटर हे मिश्रण तयार करतो व मॅनिफोल्ड नावाची फाटे फुटलेली नळी ते सिलिंडरांकडे नेते. गाडी उभी असताना कार्बुरेटरातील थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते. दट्टे मात्र हवा ओढतच असतात. त्यामुळे मॅनिफोल्डमधील दाब पाऱ्याच्या २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत उतरतो. बाहेर तो ७६ सेंटिमीटर असतो. कोठे जरा फट सापडली की बाहेरची हवा आत घुसणारच.

आता थोडा हिशेब करू. मंद गतीत हे इंजिन मिनिटाला ढोबळमानाने १४० लिटर हवा घेते. दीड मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून अशा दाबफरकाने मिनिटाला वीसएक लिटर हवा आत येऊ शकते. म्हणजे सातवा हिस्सा हवा फुकटची, आणि तिच्यासोबत पेट्रोलचा थेंबही नाही! पंधरास एक हे प्रमाण सतरास एक होते. इतके विरळ मिश्रण मंद गतीत धड पेट घेत नाही. उलट, ॲक्सलरेटर पूर्ण दाबून वेगात जाताना इंजिन दीड हजार लिटरांहून अधिक हवा घेते. त्यात वीस लिटर कोण विचारतो? शिवाय तेव्हा थ्रॉटल उघडा असल्याने आतबाहेर दाबाचा फरक फारसा नसतो आणि छिद्रातून तेवढीही हवा येत नाही.

मात्र उभ्या गाडीत अडखळणाऱ्या प्रत्येक इंजिनाला हवेची गळतीच असते असे नाही. म्हणून सरांच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री आले, तेव्हा त्यांनी पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारले.

"सर, सकाळी पहिल्यांदा चालू करता तेव्हा कशी असते?"

"तेव्हा ठीक असते. तापली की बंद पडते."

तापल्यावर बंद पडते म्हणजे पेट्रोलची नळीत वाफ होत असणार, असा सरांचा तर्क होता. उन्हाळ्यात घाट चढताना जुन्या गाड्यांना हा त्रास होई, आणि चालक पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवत. सरांनीही फडके ठेवून पाहिले होते.

"बंद पडल्यावर लगेच चालू होते का?" होय, लगेच होई. येथेच वाफेचा संशय फिटला. वाफ अडली असती तर पंप थंड होईपर्यंत थांबावे लागले असते, आणि खरा त्रास उभ्या गाडीपेक्षा चढावर झाला असता. मग थंड असताना गाडी ठीक का चालते? तेव्हा चोक ओढलेला असतो! चोकमुळे मिश्रणात पेट्रोल वाढते व फटीतून येणाऱ्या हवेची भरपाई होते. चोक आत ढकलला की उणीव उघडी पडते. दोष उष्णतेचा नव्हताच.

मिस्त्रींनी आवाजही ऐकला. ठरावीक तालात एक ठोका चुकत असेल तर दोष बहुधा एकाच सिलिंडरात असतो: प्लग खराब, तार तुटलेली, किंवा झडप जळून दाब निसटणारा. इंजिन बंद करून एका प्लगची तार काढायची, ती धातूला टेकवून ठेवायची व पुन्हा चालू करून पाहायचे. जी तार काढल्याने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी. (तारेत हजारो व्होल्ट असतात, हा प्रयोग मिस्त्रीनेच करावा. बंद गॅरेजात तर इंजिन चालूच ठेवू नये, धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही.) येथे ताल नव्हता, ठोके कसेही चुकत होते.

मग इंजिन तापलेले असताना त्यांनी चोक किंचित ओढायला सांगितला. इंजिन सुधारले! मिश्रण विरळ आहे हे ठरले. पण मंद गतीचे पेट्रोल सोडणारी बारीक जेट तुंबली तरी मिश्रण विरळच होते. दोहोंतील निवाडा तेलाच्या कुपीने केला. चोक आत ढकलून मिस्त्रींनी कार्बुरेटरच्या बुडाच्या सांध्यावर दाट तेलाचे थेंब सोडले. एका कोपऱ्यात तेल आत ओढले गेले आणि दोन-तीन सेकंद इंजिन मांजरासारखे गुरगुरत शांत चालले.

गॅस्केट तर नवे होते! कार्बुरेटर उतरवून त्याची बैठक काचेच्या तुकड्यावर ठेवली, तेव्हा मधोमध काचेखाली उजेड दिसला. कोणीतरी नट फार जोराने आवळल्याने बैठकीचे दोन्ही कान वाकले होते. काचेवर पॉलिशपेपर पसरून ती अर्धा तास घासली, नवे गॅस्केट घातले, नट आळीपाळीने बेताने आवळले. शेवटी वाढवलेली मंद गती मिस्त्रींनी स्क्रू उलटा फिरवून पूर्ववत केली.